हेडसेट घेतलात? आधी चाळीस मिनिटं घाला, मग आत्याला फोन लावा

दुकानात हेडसेट कानाला लावला, विक्रेत्याने एक गाणं लावलं, डग्गा छान घुमला आणि आपण पैसे मोजले. माझं असं दोनदा झालंय. दुसऱ्या वेळचा हेडसेट तर चांगला महागातला होता. घरी आल्यावर हौसेने पहिला फोन मिरजेच्या आत्याला लावला, तर तिचं पहिलंच वाक्य, "काय गं, पिंपात तोंड घालून बोलायलीस काय?"

मी नाशिकरोडला राहते आणि घरी बसून ग्राहकसेवेचे फोन घेते, रोज सहा-सात तास. गाणी हा माझ्या हेडसेटचा जोडधंदा. त्याचं खरं काम म्हणजे माझं बोलणं समोरच्याला धड ऐकू जाणं, आणि दुकानात नेमकं तेच तपासता येत नाही. तिथे आपण फक्त ऐकतो. म्हणून पहिल्यांदाच वायरलेस हेडसेट घेणाऱ्यांसाठी, मी आता ज्या क्रमाने तपासते तो क्रम लिहिते.

पैसे देण्याआधी

परतीची अट विचारा. कानात घालायच्या वस्तूंना "फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत" अशी अट पुष्कळ ठिकाणी असते, आणि तीही बिघाड असला तरच. "टोचतो" हा त्यांच्या लेखी बिघाड नसतो. सात दिवस मिळत असतील तर पुढचं सगळं पहिल्या चार दिवसांत उरका. खोकं, आतल्या पिशव्या आणि जास्तीच्या रबरी टोप्या टाकू नका.

प्रकार निवडताना एकच गोष्ट ध्यानात ठेवा: माइक तोंडापासून जितका लांब, तितका तुमचा आवाज कमी आणि घरातला गोंगाट जास्त. दांडीवाल्या हेडसेटचा माइक तोंडाच्या कोपऱ्यापासून दोन-तीन बोटांवर येतो. इअरबडचा माइक कानापाशीच राहतो, म्हणजे अर्धी वीत तरी लांब. नेकबँडचा छातीवर लोंबतो आणि ओढणीला, कॉलरला घासतो. दिवसाला चार-पाच फोन असतील तर इअरबड किंवा नेकबँड चालेल. दिवसभर फोनवरच काम असेल तर दांडीवालाच घ्या, दिसायला कितीही कारकुनी वाटला तरी.

आधी कान, मग आवाज

इअरबड असतील तर सोबत बहुधा तीन मापांच्या सिलिकॉनच्या टोप्या येतात. मधलं माप आधीच बसवलेलं असतं आणि बहुतेक जण बाकीची दोन मापं कधी उघडूनही बघत नाहीत. माझा उजवा कान मधल्या मापाचा आणि डावा लहान मापाचा आहे. दोन्ही कान सारखेच असतील असं धरून चालू नका.

माप बरोबर आहे का ते कळायला एक गाणं लावा आणि बोटाने बड हलकेच आत दाबा. दाबल्यावर डग्ग्याचा घुमारा एकदम वाढला, म्हणजे टोपी लहान आहे आणि फटीतून आवाज निसटतोय. दाबूनही फारसा फरक पडला नाही तर माप बसलं. "बास कमी आहे" ही तक्रार कित्येकदा फक्त टोपीची असते.

मग मूठभर चिवडा घ्या आणि बड कानात ठेवूनच खा. हसण्यावारी नेऊ नका. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. गाणी ऐकताना आपण गप्प असतो, फोनवर मात्र सतत जबडा हलत असतो. दुकानात घट्ट बसलेला बड दहा मिनिटांच्या बोलण्यात हळूहळू बाहेर सरकतो, तो याच कारणाने. चिवडा संपेपर्यंत दोनदा बड आत ढकलावा लागला तर टोपी बदला. फोमच्या टोप्या वेगळ्या विकत मिळतात, त्या कानात फुगून बसतात आणि कमी सरकतात. फक्त लवकर मळतात.

डोक्यावरून पट्टा येणाऱ्या हेडसेटचं दुखणं निराळं. तो सहसा दोनशे ते तीनशे ग्रॅमचा असतो, पण वजनापेक्षा त्याचा चिमटा जास्त त्रास देतो. चष्मा असेल तर चष्म्याची काडी कान आणि गादी यांच्यात सापडते. कुडी असेल तर तिचा मळसूत्राचा फिरकीचा भाग मागून मानेकडे टोचतो. माझी एक मैत्रीण बुगडी घालते, तिला तर कानावर टेकणारा कुठलाच हेडसेट चालत नाही, कानाला पूर्ण वेढणारी मोठी गादी लागते. अंबाडा घालणाऱ्यांनी पट्टा पुढे-मागे कुठे बसतो तेही बघावं. तेव्हा तपासताना रोजचा चष्मा, रोजचे कानातले, रोजची केसांची ठेवण, सगळं जसंच्या तसं असू द्या.

आता चाळीस मिनिटं घाला. घड्याळ लावून. दुखणं विसाव्या मिनिटाला बहुधा कळत नाही, माझ्या अनुभवात ते पस्तिसाव्या मिनिटानंतर डोकं वर काढतं. या वेळात खुर्चीत पुतळ्यासारखं बसू नका. भाजी चिरा, वाकून खालच्या कप्प्यातला डबा काढा, पाणी प्या, मान वळवून कुणाशी तरी बोला. मग काढा आणि आरशात बघा. तीन जागा तपासायच्या: कानाची वरची कड, भोकासमोरचं कुर्चेचं टोक, आणि डोक्यावर पट्टा टेकतो ती जागा. लाल वळ पाच मिनिटांत गेला तर ठीक. बोट लावल्यावर दुखत असेल तर तो हेडसेट तुमचा नाही, "सवय होईल" असं कुणी म्हणालं तरी.

नव्या पट्ट्याचा चिमटा थोडा सैल करायचा असेल तर डोक्यापेक्षा किंचित जास्त रुंदीची पुस्तकांची चळत रचून रात्रभर त्यावर हेडसेट अडकवून ठेवा. पट्ट्यात धातूची पट्टी असेल तरच हे करा. नुसत्या प्लास्टिकचा असेल तर सकाळी दोन तुकडे मिळतील.

तुमचा आवाज तुम्हीच ऐका

इथे थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल, कारण नवख्या माणसाला सगळ्यात जास्त चकवणारी गोष्ट हीच आहे. गाणं सुंदर वाजवणारा हेडसेट फोन आला की डबा का होतो?

ब्लूटूथवर गाण्याची वाट आणि कॉलची वाट वेगवेगळी असते. गाणं एकाच दिशेने जातं, फोनकडून कानाकडे, त्यामुळे त्याला भरपूर जागा मिळते. कॉलमध्ये आवाज दोन्ही दिशांनी आणि लगोलग जावा लागतो, म्हणून तो आवळून पाठवतात. जुन्या पद्धतीत आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतले जातात. त्यात ४,००० हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे आवाज किती बारीक-उंच ते मोजायचं माप) वरचं काहीच मावत नाही. २०११ मध्ये एमएसबीसी ही पद्धत आली, तिच्यात नमुने दुप्पट, १६,००० झाले. तुमच्या फोनला आणि हेडसेटला दोघांनाही ती येत असेल तरच वापरली जाते, नाहीतर दोघं गुपचूप जुन्या पद्धतीवर उतरतात. खोक्यावर हे "वाइडबँड" किंवा "एचडी व्हॉइस" अशा नावाने लिहिलेलं असतं. एलई ऑडिओ ही त्यापुढची पिढी. तिलाही तोच नियम, दोन्ही टोकांना ती असावी लागते.

४,००० हर्ट्झच्या वर काय असतं? स, श, फ यांच्यातला फुत्कार. तो गेला की "साठ" आणि "आठ" सारखेच ऐकू येतात. आणि मराठीत आकडे फोनवरून सांगणं म्हणजे आधीच सत्त्वपरीक्षा: बासष्ट, पासष्ट, सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट.

म्हणून स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. पूर्वी यासाठी स्काइपवर एक चाचणी क्रमांक होता, तो आपलंच बोलणं आपल्याला परत ऐकवायचा. मे २०२५ मध्ये स्काइपच बंद झालं. आता संगणकावर झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये माइक तपासायचं बटण आहे, ते तुमचं बोलणं टिपून लगेच ऐकवतं. फोनवर करायचं तर घरातल्याच दुसऱ्या नंबरवर कॉल लावा, तो फोन लांबच्या खोलीत स्पीकरवर ठेवा आणि तिसऱ्या फोनवर त्याचा आवाज रेकॉर्ड करा. दार लावून घ्या, नाहीतर तुमचा खराच आवाज त्यात मिसळेल.

व्हॉइस मेसेज पाठवूनही तपासता येतं, पण आधी टकटक करून बघा. रेकॉर्डिंग चालू असताना नखाने फोनच्या खालच्या कडेवर दोनदा टकटक करा, मग हेडसेटच्या माइकवर दोनदा. ऐकताना जी टकटक मोठी येईल तो माइक चालू होता. हेडसेट जोडलेला असूनही फोन स्वतःचाच माइक वापरतो असं मी कितीतरी वेळा पाहिलंय, आणि लोक "काय सुरेख माइक आहे" म्हणून खूश असतात.

बोलायचं काय? हॅलो-हॅलो नको. मी हे म्हणते:

- वरचे आकडे, बासष्टपासून अडुसष्टपर्यंत, मग साठ-आठ-साठ.
- "कच्चा पापड, पक्का पापड" तीनदा. प-वर हवेचा फटका बसून "फप्" असा आवाज आला तर दांडीचा माइक ओठांच्या समोरून बाजूला, हनुवटीच्या कोपऱ्याकडे सरकवा.
- "चटईला टाचणी टोचली". च आणि ट बोथट ऐकू आले तर आवाज फार आवळला जातोय.

हेच पुन्हा पंखा पाचवर ठेवून म्हणा. मग स्वयंपाकघरात, कुकर शिट्टीवर असताना. मग गॅलरीत. माझ्या गॅलरीत रेल्वेचा भोंगा फुकट मिळतो, तुमच्याकडे रिक्षा किंवा बांधकाम असेलच.

ऐकताना सगळे एक चूक करतात. शिट्टी गेली का, एवढंच बघतात. शिट्टी जाणं सोपं आहे. शिट्टीबरोबर तुमचे शब्द गेले का ते बघा. गोंगाट कापणारी यंत्रणा आक्रमक असेल तर प्रत्येक वाक्याचं पहिलं अक्षर खाते. "नमस्कार" म्हटलं की पलीकडे "मस्कार" जातं, आणि दोन शब्दांमध्ये आवाज पार मेल्यासारखा शांत होतो. थोडा पंखा ऐकू आलेला परवडला, पण अक्षरं शाबूत हवीत.

खोक्यावरच्या दोन लघुरूपांचा घोळ इथेच मिटवू. एएनसी तुमच्या कानातला गोंगाट कमी करतं, ईएनसी समोरच्याकडे जाणारा. फोनसाठी दुसरं महत्त्वाचं. जाहिरातीत मात्र पहिल्याचाच डंका असतो.

आत्याची परीक्षा

रेकॉर्डिंगनंतर खरा माणूस हवा. माझ्याकडे आत्या आहे. सत्तरी ओलांडलेली, निवृत्त तलाठ्याची बायको, आकडे लिहून घ्यायची जुनी सवय आणि भीड मुळीच नाही.

"आवाज येतोय का?" असं विचारू नका. सगळे "हो, येतोय" म्हणतात. त्याऐवजी समोरच्याला कागद-पेन घ्यायला सांगा आणि दहा आकडे सांगा. पाच आकडे फोन थेट कानाला लावून, मग त्याच कॉलमध्ये हेडसेटवर बदलून पुढचे पाच. कधी बदललं ते सांगू नका. फोनवरचेही आकडे चुकले तर दोष हेडसेटचा नाही, नेटवर्कचा आहे. साध्या टू-जी कॉलमध्ये मुळात ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो, व्होएलटीईवर, म्हणजे फोर-जीवरून जाणाऱ्या कॉलमध्ये, त्याच्या जवळपास दुप्पट उंचीपर्यंत जातो. म्हणून दोन्ही फोन व्होएलटीईवर आहेत ना, ते आधी बघून घ्या. मग हाच खेळ व्हॉट्सॲप कॉलवर पुन्हा.

त्या महागड्या हेडसेटवर आत्याने पाचपैकी तीन चुकीचे लिहिले. साठचे आठ, बासष्टचे पासष्ट, आणि सदुसष्टच्या जागी तिने नुसती रेघ ओढली होती. त्याआधीच्या, एका बाजूची गादी फाटलेल्या दांडीवाल्यावर पाचही बरोबर. दुकानदाराने अर्थातच परत घेतला नाही, "गाणी तर वाजतायत ना, ताई?" तो हेडसेट आता माझा भाऊ सकाळी फिरायला जाताना घालतो आणि त्याला तो फार आवडतो.

याच कॉलमध्ये स्वतःकडेही लक्ष द्या. दोन्ही कान बंद झाले की आपलाच आवाज डोक्यात घुमतो, बाहेरून मात्र नीट ऐकू येत नाही, आणि आपण नकळत ओरडायला लागतो. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच थोडा आवाज आपल्या कानात येत असे, म्हणून माणसं बेताने बोलत. काही हेडसेटमध्ये ही सोय असते, तिला साइडटोन म्हणतात. नसेल तर एका कानाचा हेडसेट वापरा किंवा एक बड काढून ठेवा. संध्याकाळी घसा बसत असेल तर आधी हे तपासा.

गाणी, थोडक्यात

एखादा अभंग लावा, ज्यात टाळ, पखवाज आणि गळा तिन्ही आहेत. टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे, सळसळते ऐकू आले तर आवाज फार दाबलाय. पखवाजाच्या थापेने गायकाचे शब्द झाकले जात असतील तर बास अती आहे, आणि असा हेडसेट फोनवरही पुरुषांचे आवाज गढूळ करतो. शेवटी गाणं थांबवून अगदी शांत खोलीत ऐका: "स्स्स" अशी बारीक सरसर सतत असेल तर ती सात तासांनी डोकं उठवते. एएसी, ॲप्टएक्स, एलडॅक वगैरे आवाज आवळण्याच्या पद्धतींच्या नावांवरून जे वाद चालतात ते गाण्याच्या वाटेचे. कॉलसाठी हेडसेट घेताना त्यांच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

खिसा, भिंत, मायक्रोवेव्ह

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. आपलं शरीर म्हणजे बरंचसं पाणीच. म्हणून फोन डाव्या मागच्या खिशात आणि माइक उजव्या कानाला, अशी सगळ्यात वाईट मांडणी करून कॉलवर चाला. मोकळ्या मैदानात विशेष करून चाला, कारण घरात लहरी भिंतींवरून परतून मदत करतात, मैदानात ती मदत नसते. आवाज तुटला तर फोन त्याच बाजूच्या वरच्या खिशात ठेवून बघा. मग घरात फोन टेबलावर ठेवून एका खोलीपलीकडे जा, नंतर आरसीसीच्या दोन भिंतींपलीकडे. एक भिंत टिकली तर पास. खोक्यावरचे "दहा मीटर" मधे काही नसताना मोजलेले असतात. मायक्रोवेव्ह चालू करून त्याच्या जवळही उभे राहा, तोही याच पट्ट्यात लहरी सोडतो.

लॅपटॉपवर मीटिंग असेल तर ती वेगळी तपासा. गाणं चालू असताना मीटिंग उघडली आणि आवाज अचानक खरखरीत झाला तर हेडसेट बिघडलेला नाही, लॅपटॉप कॉलच्या वाटेवर गेलाय. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचा आणि ऐकण्यासाठी हेडसेट निवडला की कानातला आवाज परत सुधारतो. एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हींना जोडून राहणारा हेडसेट असेल तर लॅपटॉपवर काही चालू असताना फोन वाजवून बघा, कॉल खरोखर कानात येतो का.

बॅटरी आणि आवाजाची पातळी

खोक्यावरचे तास बहुधा मध्यम आवाजात गाणी ऐकण्याचे असतात. बोलताना माइकही चालू असतो, म्हणून बोलण्याचे तास त्याहून कमी. एकदा पूर्ण चार्ज करून कामाच्या दिवसभर वापरा आणि "बॅटरी लो" कधी ऐकू येतं ती वेळ लिहून ठेवा. इअरबडच्या जोडीत एक बाजू दुसरीच्या बरीच आधी संपत असेल तर मुदतीतच बदलून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही मर्यादा आहे. डेसिबल मोजायला यंत्र नसेल तर हेडसेटवर नेहमीच्या आवाजात गाणं चालू ठेवून हातभर अंतरावरच्या माणसाला साध्या आवाजात बोलायला सांगा. त्याला ओरडावं लागलं तर हेडसेटचा आवाज कमी करा. आणि ऐकू यावं म्हणून रोज आवाज शेवटच्या टोकापर्यंत न्यावा लागत असेल तर बहुतेक वेळा टोपीचं मापच चुकलेलं असतं.

परत करायचा ठरला तर टोप्या काढून साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, जाळीवरचा मळ कोरड्या मऊ ब्रशने झटका, पाणी आत जाऊ देऊ नका. फोनच्या ब्लूटूथ यादीतून त्याचं नाव काढून टाका आणि हेडसेटही रीसेट करा. नाहीतर बदलून आलेला नवा आणि परत गेलेला जुना, दोघांची नावं यादीत सारखीच दिसतात, आणि नवा जोडताना कुठल्या नावावर बोट ठेवायचं याचा अर्धा तास गोंधळ होतो.